इस्त्रीचा नॅपकिन आणि ओवीचं बारसं

प्रिय तन्वी आणि ईशान,

ओवीच्या बारशाच्या व्हिडिओत फाटकाबाहेर उभी राहून काळा चष्मा लावलेली जी बाई ओरडते आहे, ती तुमची आजी आहे.

हे आत्ता सांगायचं कारण असं की परवा डोळे आल्यामुळे ईशानला शाळेतून घरी पाठवलं आणि त्याने फोनवर मला विचारलं, "आजी, तुला कधी आले होते का?" मी म्हटलं, "हो, एकदा." त्यावर मागे तुमची आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. "सगळं आजीलाच विचारा," ती म्हणाली. तिने तिच्या पद्धतीने सांगण्याआधी मी माझ्या पद्धतीने सांगितलेलं बरं. हे वाचून तीच दाखवणार. मध्येच हसत बसली तर तिला कोपराने ढोसा.

प्रणालीमामीचं माहेर घिवलीचं. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, तिथे अंगणात बोलल्या तर इथे बोईसरजवळ सरावलीत आपल्या गॅलरीत ऐकू येतं, असं आजोबा म्हणतात. ओवी झाली तेव्हा मामी अर्थातच माहेरी होती. आता बारसं कुठे करायचं, यावर दोन आज्यांचं जमेना.

"बारसा आमच्याकडंच व्हनार," विहीणबाई म्हणाल्या. "पोर हितं, पालना हितं. मानसांनी यावा."

"आमच्याकडे सोयीचं पडेल," मी म्हटलं. "इथे स्वच्छता असते. तिथे समुद्राची हवा, माशा..."

मी वाक्य पुरं केलं नाही, पण ते पोचलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माशा," असं एकदाच म्हणाल्या आणि पान लावायला घेतलं. निखिलमामाने घाबरून माझ्या बाजूने निकाल दिला. मी जिंकले. स्वच्छतेच्या मुद्द्यावर जिंकले, हे कृपा करून लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या पावसाळ्यात बोईसरभर डोळ्यांची साथ होती. रिक्षावाले काळ्या चष्म्यात, भाजीवाल्या काळ्या चष्म्यात. कारखान्यांची पाळी सुटली की सगळा रस्ता सिनेमातल्या गुप्त पोलिसांनी भरलाय असं वाटे. आपल्या बिल्डिंगमध्ये लोकांचा असा समज झाला होता, की आजारी माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात. त्यामुळे जिन्यात सगळे एकमेकांशी भिंतीकडे तोंड करून बोलायचे. मी प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "पाहिल्याने काही होत नाही. हात, रुमाल, टॉवेल, उशी यांतून डोळे येतात." मुलांनो, हे शंभर टक्के खरं आहे. मला ते उत्तम माहीत होतं. दुःख तेच आहे.

माझी काळजी मात्र खोटी नव्हती. आपले डोळे आले तर आपण चार दिवस रडतो आणि बरे होतो. तान्ह्या बाळाचे आले तर ते नजरेवरही बेतू शकतं. आणि बारसं म्हटलं की घुगऱ्या आल्या. घुगऱ्या म्हटलं की बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं येणार, पाळण्याला लोंबकळणार, बाळाचे गाल ओढणार. तेव्हा मी ठरवलं, की बारशाच्या आधीच पोरांचे डोळे तपासायचे. पास होईल त्याला घुगऱ्या. नापास होईल त्याच्या घुगऱ्या घरपोच.

मी शिकले त्या इंग्रजी शाळेत रोज प्रार्थनेनंतर नखं आणि रुमाल तपासायचे. रुमाल इस्त्रीचा नसला तर उन्हात उभं करायचे. इतकी वर्षं झाली, पण माणसाला रांगेत उभं करून तपासलं नाही, तर माझी सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. (आजोबांना विचारा.)

बुधवारी सकाळी मी जिन्याच्या चौकात खुर्ची टाकली. शेजारी बादली, मग आणि साबण. प्रत्येक मुलाने आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच पुढे यायचं. माझ्या मांडीवर पांढरा नॅपकिन होता. धुतलेला, उकळलेला आणि इस्त्री केलेला. इस्त्री केलेला होता, हे मी आजही सांगते.

पहिला आला तळमजल्यावरच्या तिवारीभाभींचा सोनू. खेळून आलेला, घामाने निथळत होता. मी त्याचे डोळे नॅपकिनने नीट टिपले आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. एक डोळा आत लालभडक.

"आंटीजी, अभी सोके उठा है," तिवारीभाभी म्हणाल्या.

"सोके उठने से एकही आँख लाल नहीं होती," मी माझ्या हिंदीत म्हटलं. "फेल. घर ले जाओ."

सोनू रडत गेला. मी तोच नॅपकिन पालटून त्याची पुन्हा घडी घातली आणि म्हटलं, "पुढचा."

पुढची आली चौथ्या मजल्यावरची दिव्या. तिचे डोळे मी टिपले. अंगठ्याने पापणी ओढली. "वर बघ. खाली बघ. डोळे कशाने येतात?"

"हात लावल्याने," दिव्या म्हणाली. मी तिची पापणी अजून सोडली नव्हती.

"शाबास. पास."

"आजी, याच नॅपकिनने सोनूचे पुसले ना?"

"मध्ये बोलू नये," मी म्हटलं. "पुढचा."

अशी मी अख्खी बिल्डिंग तपासली. सोनू सोडून सगळे पास. आजोबा दोनदा पिशवी घेऊन खाली गेले, दोनदा वर आले. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना काहीतरी विचारायचंय; पण रांगेत घुसायची त्यांची हिंमत झाली नाही.

या कर्तबगारीने माझ्या अंगात इतका उत्साह संचारला, की त्याच दुपारी मी डिंकाचे लाडू आणि आजोबांना घेऊन घिवलीला गेले. ओवी पाळण्यात झोपली होती. मी हात पुढे केले.

"निजलीय," विहीणबाई म्हणाल्या. "उटवू नका."

"नुसती घेते."

"तुमी आल्या का निजते ती. मी काय करू?"

मला दाट संशय होता, की रिक्षाचा आवाज ऐकून त्यांनीच तिला झोपवलं होतं. पण विहिणीच्या घरी भांडता येत नाही. मी वाकून ओवीच्या गालाला बोट लावलं, एवढंच, आणि फुगून परत आले. येताना वाटभर आजोबांना विहीणबाईंच्या आडमुठेपणावर बोलत होते.

शुक्रवारी सकाळी मी उठले आणि डोळे उघडेनात. दोन्ही चिकटलेले. कोमट पाण्याने सोडवले तर आरशात टोमॅटो. आणि जिन्यात आवाज. मी दार किलकिलं केलं. दिव्याची आई उभी होती, कडेवर दिव्या, दिव्याचे डोळे सोनूपेक्षा लाल. तिच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांच्या मागे तिसऱ्या. सगळ्यांची पोरं चोळत, रडत, चिपड्या डोळ्यांनी.

"काकू, तुम्ही पास केली होतीत," दिव्याची आई म्हणाली.

"हमारा तो फेल था," तिवारीभाभी खालून म्हणाल्या. "हमारा ठीक हो गया."

सोनू कठड्यावर बसून केळं खात होता. डोळे स्वच्छ पांढरे. बिल्डिंगमध्ये तेवढेच दोन.

मी दार लावून घेतलं. आजोबा टेबलाशी बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"एक विचारू?"

"नको."

"दोन पोरांच्या मध्ये हात धुतलेस का?"

"मी सगळ्यांना धुवायला लावले."

"तुझे."

मी हात पदराखाली घेतले.

"आमच्या अणुवीज प्लांटमधून बाहेर पडताना," आजोबा म्हणाले, "पहिले हात तपासायचे. बाकीचा माणूस नंतर."

"नॅपकिन इस्त्रीचा होता," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि तेव्हा मला घिवली आठवली. सबंध बिल्डिंगमधल्या पोरांचे डोळे माझ्या बोटावर घेऊन मी ओवीच्या पाळण्याशी गेले होते. मी लगेच फोन लावला. लपवून ठेवण्यासारखं ते नव्हतंच. तो विहीणबाईंनी उचलला. मी सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी आधी कोंबड्यांना हाकलल्याचं ऐकू आलं.

"पोरीला कुटं हात लावला व्हता?" त्यांनी विचारलं.

"गालाला."

"कंच्या?"

"डाव्या."

"कंच्या बोटानं?"

"विहीणबाई, मी..."

"बोट सांगा."

"तर्जनी. म्हणजे अंगठ्याशेजारचं."

"डोल्यात नाय घातला?"

"नाही हो."

"बरा. डावा डोला बगत ऱ्हाते. तुमी आता येव नका."

मामी ओवीला घेऊन त्याच दिवशी बोईसरला डॉक्टरीणबाईंकडे गेली. विहीणबाई सोबत होत्या. मी फोनवर होते, स्पीकर चालू. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत्ता तरी डोळे स्वच्छ होते.

"मी म्हनते, आईच्या दुदाचा थेंब टाकावा डोल्यात," विहीणबाई म्हणाल्या.

"काहीही टाकायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध नाही, गुलाबपाणी नाही, घरात उरलेले ड्रॉप्स तर मुळीच नाहीत. लाल झाला, सुजला, चिकटला तर तडक इथे आणायचं. बाळाला घेणाऱ्याने आधी हात धुवायचे. डोळे आलेल्या आजी कुठे आहेत?"

"घरी," मामी म्हणाली.

"छान. त्यांना तिथेच ठेवा."

विहीणबाई यावर हसल्या नाहीत. त्यांनाही दुधावरून ओरडा बसला होता. आमच्या दोघींच्या नात्यात पहिल्यांदाच काहीतरी समसमान झालं.

अर्थात, बारसं घिवलीला गेलं. आपल्या बिल्डिंगमध्ये बाळ आणायचा प्रश्नच नव्हता. मी भिजत घातलेले हरभरे पातेल्यातून वर आले, त्यांना मोड फुटले. आजोबांनी पुढे कितीतरी जेवणं तीच उसळ खाल्ली, एक शब्द न बोलता. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

बारसं रविवारी होतं. तोपर्यंत ओवीचे डोळे ठीक होते, पण धोका टळलाय असं डॉक्टरीणबाई म्हणत नव्हत्या. रोज सकाळी विहीणबाईंचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "डावा बरा हाय." की फोन बंद. मी त्या तीन शब्दांसाठी पहाटेपासून फोन हातात धरून बसायची. (उजव्याची बातमी त्या कधी द्यायच्या नाहीत. त्याला मी हात लावला नव्हता ना.)

बारशाला मी जाणार नव्हते. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे तुमच्या आईचा, आणि नाव काय आहे हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. तिला येणं जमत नव्हतं, म्हणून ती फोनवरून सांगणार आणि फोन बाळाच्या कानाशी धरायचा, असं ठरलं होतं. तो धरायचं काम माझं होतं. ते गेलंच. निखिलमामा म्हणाला, "आई, तू फाटकापर्यंत ये. लांबून बघ." मी काळा चष्मा लावला, हात पाठीमागे बांधले आणि पावसात फाटकाबाहेर आजोबांनी धरलेल्या छत्रीखाली उभी राहिले.

विहीणबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, हवेत हात फिरवला.

"एक पन माशी नाय बगा आज," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मग गंमत अशी झाली, की आत फोन लागेना. जाड भिंती, वरून पाऊस. निखिलमामा ओटीवर आला, पडवीत आला, विहिरीपाशी गेला. तुमची आई नुसती "हॅलो, हॅलो" करत होती. शेवटी फोन नीट लागला तो एकाच जागी, फाटकापाशी. तिथे मी उभी होते. लागला तोही माझ्या फोनवर. तो आत नेला की तुटणार, आणि माझा फोन बाळाकडे न्यायची तशीही कोणाची तयारी नव्हती.

"मला सांग," मी तुमच्या आईला म्हटलं. "मी पोचवते."

तुमच्या आईने हळूच नाव सांगितलं. मी तोंडावरचा पदर सारखा केला आणि फाटकातून ओरडले, "ओवी!"

पडवीतल्या बायका म्हणाल्या, "काय?"

"ओवी! ओवी!"

जे नाव आत्याने बाळाच्या कानात कुजबुजायचं, ते आधी गल्लीने ऐकलं, मग शेजारच्या वाडीने, मग समुद्राकडून येणाऱ्या दोन बायकांनी थांबून ऐकलं. सगळ्यात शेवटी विहीणबाई हात धुऊन पाळण्याशी वाकल्या आणि ते ओवीच्या कानात म्हणाल्या. निखिलमामाने नेमका मी ओरडत असतानाच व्हिडिओ काढला. त्यात मी रडतेय असं दिसतं, ते आलेल्या डोळ्यांचं पाणी होतं. बरंचसं.

ओवीचे डोळे आले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब, तुम्ही तिला उचललं नाही. विहीणबाईंच्या आडमुठेपणावर मी अख्ख्या वाटेत जे बोलले होते, ते मी मनातल्या मनात एकेक करून परत घेतलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही; त्या मला ते कधी विसरू देणार नाहीत.

तेव्हा ईशान, डोळे चोळू नकोस, टॉवेल वेगळा ठेव, हात धू. तन्वी, तू त्याचे डोळे तपासू नकोस. आपल्या घराण्यात हे एकदा होऊन गेलंय.

नॅपकिन मी टाकून दिला. दाराशी साबण असतो, आणि पाहुण्यांच्या आधी मी हात धुते. पण मी जिना उतरायला लागले की बिल्डिंगमधली पोरं अजूनही भिंतीला टेकून डोळे घट्ट मिटून घेतात. ओवी आता चालते. गेल्या रविवारी ती आली, जिन्यात पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि मला पाहून तिनेही मिटले.

तुमची,
आजी