मागूरच्या टबातलं पाणी

कलकत्त्याला लोक मिठाई खायला जातात. सत्तरच्या दशकात मी नागपूरहून गेले ती जिवंत मागूर मासे शोधायला, तेही शाकाहारी घरातली असून. पीएचडीचं चौथं वर्ष संपत आलं होतं आणि सरांनी सांगून टाकलं होतं, "या वेळी जमलं नाही तर विषय बदल."

विषय असा, की पेशीत आधी इन्सुलिनचं एक लांब प्रथिन तयार होतं. मग एन्झाइम्स ते नेमक्या जागी कापतात, मधला तुकडा सुटतो आणि उरतं ते इन्सुलिन. हे कापणं मला माशात पाहायचं होतं, कारण मागूरच्या पित्ताशयाजवळ इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा दाणा वेगळा सापडतो.

हावड्याला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. बागबाजारच्या मावशीने दारातच बजावलं, "मासळीची पिशवी घरात आणायची नाही हं!" आणि लगेच गरम लुची, तिथली मैद्याची पुरी, वाढली.

दोन दिवस तेच. सकाळी बाजार, विळीवर मासे कापणारी एक बाई, दाटीवाटीची ट्राम, मग तिथल्या एका प्रयोगशाळेतलं उसनं टेबल. पेशींना खूण केलेलं अमिनो आम्ल द्यायचं आणि उंदरांच्या पेशींसारखं तीन तास सदतीस अंशांवर ठेवायचं. दोन्ही दिवस पेशी मेल्या. मला चक्क रडू आलं.

तिसऱ्या सकाळी त्या बाईने विचारलं, "रोज मागूर, दीदी? एतो के खाय?" एवढे खातं कोण?

मोडक्या हिंदीत मी सगळं रडगाणं सांगितलं. ती हसायलाच लागली. "गोरोम जोले माछ बांचे?" गरम पाण्यात मासा जगतो होय! तिने टबाकडे बोट केलं. मी हात घातला. पाणी हाताला गारच लागलं. उंदराच्या अंगाची ऊब माशाच्या पेशींना सोसणारच नव्हती. चार वर्षं शिकून मला हे सुचलं नव्हतं, याची मनस्वी लाज वाटली.

त्या दिवशी पेशींच्या नळ्या मी बादलीभर साध्या पाण्यात ठेवल्या आणि पेशी जगल्या.

बर्फाच्या थर्मासमधून नमुने नागपूरला आणले. सुरुवातीच्या नळीत फक्त लांब प्रथिन होतं, तीन तासांनंतरच्या नळीत छोटं इन्सुलिन. आनंद झाला, पण इतकी थकले होते की आधी झोपले.

आज जाणार असाल तर बाजार सकाळी लवकर गाठा. प्रबंधात माझ्या त्या प्रवासाची एकच ओळ उरली: मासे स्थानिक बाजारातून घेतले. आभाराच्या पानावर सर होते, मावशी होती. त्या बाईसाठीही एक ओळ लिहायला घेतली आणि पेन थांबलं. तीन दिवसांत मी तिला नाव विचारलंच नव्हतं.