न घातलेलं गाऱ्हाणं

तात्या घाडी आयुष्यभर देवाशी बोलले, पण स्वतःसाठी त्यांनी देवाकडे कधी काही मागितलं नाही. गावाच्या वतीनं रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. जत्रा असो, पेरणी असो, कुणाचं लग्न असो, तात्या देवळाच्या चौकात हात जोडून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात एकेक मागणं देवापुढे मांडायचे. प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेला गाव एका तोंडानं म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" कुणाची आटलेली म्हैस, कुणाची होडी, कुणाच्या मुलीची अडलेली सोयरीक, सगळं त्यात यायचं. तात्यांच्या घरचं मात्र काही नसायचं. विचारलं तर म्हणायचे, "गाऱ्हाणा घालतल्यान आपल्यासाठी मागूचा नसता. ह्या तोंड गावाचा. माझा फकत जेवणापुरता."

मी खारेपाटणचा. तोंडवलीच्या अलीकडच्या या गावात शिक्षक म्हणून आलो तेव्हा नुकताच ट्रेनिंग संपवून बाहेर पडलो होतो आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. शाळेच्याच ओसरीवर टपालाची पेटी होती, तेही काम माझ्याकडे. पहिल्या जत्रेत सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणत असताना मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. तात्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तरानू, तुमी काय व्हय म्हणूक नाय."

"माझा विश्वास नाही, तात्या."

"नसांदे. पण गावावांगडा उभे ऱ्हवलात, ता बरा केलात." आणि हसून चालू लागले. मला राग आला होता. वाद घालायची पुरी तयारी करून ठेवलेली, ती फुकट गेली.

तात्यांना एकच मुलगा, वासू. बायको तो लहान असतानाच वारलेली. वासू मालवाहू बोटीवर खलाशी होता. एका फेरीत त्याला ताप भरला, तो उतरेना, म्हणून बोटीनं त्याला वाटेतल्या बंदरात इस्पितळात उतरवलं आणि ती पुढे निघून गेली. बरा झाल्यावर त्याचं पत्र आलं, चिली देशातून. बंदरावरच हमालीचं काम मिळालंय, परतीची बोट मिळेपर्यंत इथेच आहे, असं त्यात होतं. चिली कुठे, हे तात्यांना दाखवायला मी शाळेतला पृथ्वीचा गोल काढला. एका बाजूला आमचं कोकण, आणि गोल जवळजवळ उलटा केल्यावर दुसऱ्या बाजूला ती लांबट चिंचोळी पट्टी. तात्यांनी दोन्हीकडे एकेक बोट ठेवून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे आमच्या पायाखालीच आसा की!" त्या दिवसापासून ते काठी जरा हलकेच टेकायला लागले. मी चेष्टा केली तर म्हणाले, "खाली माणसां आसत, मास्तरानू."

साठ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणात गेलो असताना शिळ्या वर्तमानपत्रात वाचलं की चिलीत मोठा धरणीकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला आणि गावंच्या गावं आडवी झाली. परतीची वाट मला नेहमीपेक्षा लांब वाटली. तात्या अंगणात जाळं विणत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि विचारलं, "त्या देशात आमच्यासारखे लोक किती असतीत?" एवढंच. वासूचं नाव त्यांनी घेतलं नाही.

पुढे सहा महिने पत्र नव्हतं. टपाल आठवड्यातून दोनदा यायचं. त्या दोन्ही दिवशी तात्या शाळेच्या पायरीवर येऊन बसायचे, मी थैली सोडून पत्रं लावेपर्यंत थांबायचे, मग म्हणायचे, "मास्तरानू, घोटभर पाणी दिया." पाणी प्यायचे आणि जायचे. पत्र आलं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला ते सहन व्हायचं नाही. माणसानं विचारावं तरी! 'नाही आलं' असं सांगणं मला जड गेलं असतं, पण ते तांब्या भरून देणं त्याहून जड जायचं.

मग एका टपालाला पत्र आलं. मी पायरीवरच ओरडून ते वाचलं, आणि वाचता वाचता चार माणसं जमली. वासू जिवंत होता. पण पत्रात त्याच्याबद्दल थोडं आणि त्या देशाबद्दलच फार होतं. बासष्ट साली तिथे फुटबॉलचा सगळ्या जगाचा सामना भरायचा होता. धरणीकंपानंतर जो तो म्हणत होता की आता हा मान दुसऱ्या कुणाला तरी जाणार. पण तिथली माणसं हट्टाला पेटली होती. 'पडक्या भिंतीसुद्धा चुन्यानं रंगवतात,' वासूनं लिहिलं होतं. 'बायका निशाणं शिवतात. मी राहतो त्या घरची म्हातारी पाहुण्यांना खोली द्यायची म्हणून आतापासूनच चुलीपाशी निजायची सवय करते आहे. मी मैदानाच्या पायऱ्या बांधायच्या कामावर लागलो आहे. सिमेंट वाहतो. हे अर्धवट टाकून येववत नाही. खेळ झाला की येतो.'

जमलेल्यांपैकी एकानं विचारलं, "एका बॉलासाठी सगळो देश उलटो झालो?" तात्या म्हणाले, "बॉलासाठी न्हय रे. घरात पाव्हणे येवचे आसत." मग माझ्याकडे वळले. "किती देश येतले?"

"सोळा."

"त्यात यजमान धरून?"

"धरून."

"म्हणजे पंधरा देश पाव्हणे," तात्या म्हणाले. एवढ्यांचं जेवण कसं निभावणार, हा घोर त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

त्यानंतर आमच्या गावाला जे लागलं त्याला वेडच म्हणावं. फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता, पण चिलीची तयारी कुठवर आली याची चौकशी बाजारात व्हायची. वासूच्या पुढच्या दोन पत्रांचं चावडीवर जाहीर वाचन झालं. पायऱ्या पुऱ्या झाल्या हे कळलं तेव्हा लोकांना आपलीच विहीर बांधून झाल्यासारखा आनंद झाला.

सामन्यांच्या आधीच्या जत्रेत, सकाळी, तात्यांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. मुंबईला गेलेली, गोव्यात गेलेली, आगबोटीवर गेलेली लेकरं नेहमीसारखी देवावर सोपवली. आणि मग थांबून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, सातासमुद्रापलीकडे एक देश आसा. धरणीकंपान त्येची घरां पडली. तरी त्येणी पाव्हण्यांका बोलावल्यानी आसा. पंधरा देश त्येच्या दारात येतले. त्या यजमानाचो मान ऱ्हवांदे. कोणाक काय उणा पडाक देऊ नको रे म्हाराजा!"

गाव क्षणभर चपापला. मग "व्हय म्हाराजा!" असा आवाज उठला की देवळाच्या कौलांवरचे पारवे उडाले. फक्त मानकरी आबा परब गप्प होते. नियमाचे कडक. नंतर त्यांनी तात्यांना चौकातच धरलं. "गावाभायरचा मागणा आजपर्यंत कोणी घातला नाय. तुझो झील वासू थंय आसा म्हणान घातलंस."

तात्या शांतपणे म्हणाले, "झिलाचा नाव घेतलंय काय मी? यजमानासाठी मागलंय." आबा रागातच घरी गेले.

सामने झाले. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. यजमान देश तिसरा आला. मी धावत जाऊन सांगितलं, तर तात्यांचा प्रश्न, "पाव्हणे बरे गेले मां?" वासूचं त्यानंतरचं पत्र तेवढंच सांगत होतं. सगळं नीट पार पडलं, माणसं रस्त्यात रडत, नाचत होती, आता मिळेल त्या बोटीनं निघतो.

ते शेवटचं पत्र. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुसरं वर्ष गेलं. तात्या टपालाच्या दिवशी पायरीवर येत राहिले. "मास्तरानू, घोटभर पाणी दिया." आवाज खचत चालला होता. मी त्या बंदराच्या पत्त्यावर लिहिलेली दोन पत्रं न ओळखता येणारे शिक्के घेऊन परत आली. ती मी त्यांना दाखवली नाहीत. आजही वाटतं, दाखवायला हवी होती.

तात्यांची शेवटची जत्रा मला कालच्यासारखी आठवते. दोघांनी दंडाला धरून त्यांना चौकात आणलं होतं. गाऱ्हाणं त्यांनी एकही मागणं न गाळता पुरं केलं. आगबोटीवर गेलेल्या लेकरांपाशी आले, ती देवावर सोपवली. आता हात खाली घ्यायचे. पण हात जोडलेलेच राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. सगळा चौक त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तात्यांनी ओठ आवळून घेतले. त्या घडीलासुद्धा त्यांनी मागितलं नाही.

आणि पुढच्या रांगेतून आबा परब मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पाठोपाठ सगळा गाव म्हणाला. मीही म्हणालो. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

तात्या गडबडून गेले. "आबा, मी काय मागूक नाय हां," ते पुटपुटले.

"तू खंय मागलंस?" आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "गावान मागला."

तात्या त्याच वैशाखात गेले. वासू आला नाही.

माझी बदली झाली, पुढे मी निवृत्तही झालो. मध्यंतरी जत्रेला गेलो होतो. तात्यांच्या पुतण्याचा मुलगा गाऱ्हाणं घालतो, आवाज तसाच खणखणीत. आगबोटीवर गेलेल्या लेकरांपाशी आला आणि थांबला. ओठ मिटलेले, हात जोडलेले. कुणी कुजबुजलं नाही की खोकलं नाही. शेजारच्या तरुणाला मी हळूच विचारलं, हा का थांबला? तो म्हणाला, "थंय थांबाचाच असता. पूर्वापार चाल आसा." आणि समोर बघून, सगळ्या गावाबरोबर, काहीही न मागितलेल्या त्या मागण्याला म्हणाला, "व्हय म्हाराजा!"