काटे काढलेला मासा

"मॅडमपेक्षा ते मांजर जास्त बोलेल," माझ्याच तुकडीतला उपनिरीक्षक जीपच्या पलीकडे हवालदाराला म्हणाला, आणि दोघे हसले. पोलीस खातं सोडून मला काही वर्षं झाली, तरी दांडी गावातली ती सकाळ त्या वाक्यासकट मनात बसून आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. किनाऱ्यावरची बोली मला समजे, बोलताना जीभ अडखळे. तो उपनिरीक्षक मात्र कुणाच्याही ओटीवर टेकला की घरचाच होई. मला त्याचा हेवा वाटे.

आदल्या दिवशी ठाण्यात आलेला फोन मीच घेतला होता. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "आमच्या गावात एका घरी रानमांजर बांधलंय. माणसापरीस त्याचं लाड हाय." रानमांजर पाळणं गुन्हा, म्हणून आम्ही वन विभागाला कळवलं, दोन पंच घेतले आणि त्यांच्या पथकासोबत गेलो.

मांजर मागच्या पडवीत होतं, जाळ्याच्या दोरीने खांबाला बांधलेलं. आम्हाला पाहून फिस्कारलं, उठायला गेलं आणि मागच्या पायांवर कोसळलं. पाय वाकडे झाले होते. माझ्या त्या सहकाऱ्याला, उपनिरीक्षकाला, मारहाणीचा संशय आला. घरच्या म्हाताऱ्या मावशींना तो विचारत राहिला: कुणी विकलं, पाय कुणी मोडले? मावशी मांजराकडेच बघत राहिल्या.

माझं लक्ष ताटलीकडे होतं. पापलेटचे पांढरे तुकडे, एकही काटा नाही. मी एवढंच विचारलं, ही काय खाते?

मावशींचा चेहरा खुलला. "काटा काढल्याबिगर मी तिला घास नाय दिला, मॅडम. पोरगा वाडीत गवत कापत होता तवा गावली, एवढीशी. सुनेसाठी बी येवढं नाय केलं."

"माझ्या वाट्याला माशांची डोकीच यायची," दारातून सून पुटपुटली. फोनवरचा आवाज मी ओळखला. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं, म्हणून मान वर न करता जबाब लिहीत राहिले.

पथकातल्या पशुवैद्यांनी उलगडा केला. रानात ही उंदीर, पाखरं हाडांसकट खाते. इथे नुसत्या काटे काढलेल्या माशावर वाढल्याने हाडं ठिसूळ राहिली, पाय वाकले. म्हणजे मारहाण नव्हती, विक्रीही नव्हती. जळफळाटातून आलेली खबर खरी निघू शकते, आणि मायेच्या हातूनही जीव अधू होतो, हे मी त्या पडवीत शिकले.

पिंजरा गाडीत चढवला. परत कधी मिळेल, असं मावशींनी माझ्या सहकाऱ्याला विचारलं. "बरी झाली की आणून देतो, आई," तो सहज म्हणाला. मावशींनी त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. तो आशीर्वाद मला बघवला नाही. त्याची थाप तर मुळीच ऐकवली नाही.

"मावशी, ती परत येणार नाही," मी म्हणाले. "या पायांनी तिला रानातही सोडता येणार नाही. आता ती जन्मभर पिंजऱ्यात."