प्रकाशाच्या यादीत नसलेली उल्का

मंडळी, आज सकाळी तापीकाठच्या प्रकाशा गावी दगाभाऊंना भेटून आलो, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

साठच्या दशकात आम्ही दोघं कॉलेजात होतो. सरांनी रडार लावून दिवसा पडणाऱ्या उल्का मोजायचं काढलं. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही; उल्का आली की हेडफोनमध्ये शीळ वाजायची. मी धानोऱ्याला ऐकत बसायचो, दगाभाऊ प्रकाशाला. शीळ वाजली की वेळ लिहायची, मग सर दोन्ही याद्या ताडून पाहायचे.

एका दुपारी शीळ थांबेचना. मी वेळ लिहिली. दगाभाऊंच्या यादीत ती नव्हतीच. सरांनी माझी नोंद चुकीची म्हणून खोडली.

आज दगाभाऊ खाटेवरून म्हणाले, "भाऊ, मी बी ऐकेल व्हती. पन माय सांगे, तारा तुटना ते कोनले सांगानं नही. जो सांगस, त्याना घरना मानूस जास. म्हनीसन मी लिखी नही."

सांगणाऱ्याच्या घरचं माणूस दगावतं, या समजुतीपायी? मी संतापलो. साठ वर्षं मला खोटं पाडलं यांनी!

परतताना एसटीत दिवस जुळवले. त्या नोंदीच्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ तापीत बुडाला होता.

मी जन्मभर विज्ञान शिकवलं. तरी कुणीतरी सांगा, मी फक्त वेळ लिहिली होती ना?