खळ्यावरचा नवरा

पवित्र शास्त्रातल्या माणसांशी तावातावाने भांडणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे पिपरी मेघेतल्या आमच्या शेजारच्या मावशी. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या या मावशी सकाळी ओसरीत बायबलातला जुना करार उघडून बसल्या, की वाटावे, नळावरचा तंटा चालला आहे. कुणा थोर पुरुषाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितल्याचे वाचले, की चष्मा काढून मला विचारत, "याले लाज काऊन नाई वाटली, भाऊ?" जणू तो माझ्या चुलत्यांपैकीच होता.

एका सासूची गोष्ट मात्र त्या न भांडता वाचत. दुष्काळात परमुलखात गेलेल्या त्या बाईचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि ती विधवा सुनेला घेऊन गावी परतली. पुढे तिनेच सुनेला नटवून एका शेतकऱ्याच्या खळ्यावर पाठवले, त्यांचे लग्न झाले आणि बाळ सासूच्या मांडीवर आले. मावशींचाही नवरा आणि एकुलता मुलगा एका वर्षाच्या आत गेले होते. उरली होती तरुण सून. तिचा संसार पुन्हा उभा राहावा, एवढेच मागणे मावशींनी देवाजवळ धरले होते. स्थळे आली. पोस्टातला एक, शाळामास्तर एक. मावशींचा दोघांनाही एकच प्रश्न, "खळं हाये का?" शेवटी देवळीचा एक सज्जन बिजवर मिळाला, पण त्याचे सोयाबीन थ्रेशरमधून निघे, खळे कुठले! आठवडाभर घुटमळून मावशी म्हणाल्या, "मशीन रायते त्या जागेलेच खळं समजू." आणि लग्न लावून दिले.

पण देवळीच्या घरात त्याची आई होती. बाळ झाले ते तिच्या मांडीवर गेले. मावशींनी पुस्तकच मिटून ठेवले. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मग एका रविवारी दुपारी सून एसटीने आली आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, तुमच्या लेकाचं नाव ठेवतो याले. ते बी हो म्हणाले." मावशींनी बाळाचे दुपटे नीट केले. मग म्हणाल्या, "नको पोरी. याच्या बापाले आवडन ते ठेव. अन् टोपी घाल याले, गाडीत वारा लागते."

ती गेल्यावर मी विचारले, नको का म्हणालात? "त्या नावानं हाक मारली, अन् हा आला, तं मी काय करू, भाऊ?" मावशी म्हणाल्या. तरी पुढच्या रविवारी चर्च चुकवून त्या सकाळपासून स्टँडवर देवळीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या.