ज्या आडाचं पाणी, त्या आडात

निपाणीपासून चार मैलांवर असलेल्या आमच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंत होती. दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार म्हणून मास्तरांनी एक आठवडा वस्तुपाठांचा ठरवला. पुस्तकं मिटायची आणि रोज कुणीतरी पाहुणा येऊन आपल्या कामातलं काही दाखवणार. सोमवारी कुंभार आला. त्यानं एक कच्चं आणि एक भाजलेलं मडकं पाण्यात बुडवलं. कच्चं आमच्यासमोर विरघळलं. बुधवारी वखारीतल्या माणसानं तंबाखूच्या पाण्यानं अळ्या मारून दाखवल्या. त्या मरताना मी बघितल्या नाहीत. शुक्रवारी निपाणीचे डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन येणार होते. त्या दिवशीची दुसरी पाहुणी माझी आई.

तिला बोलवा, हा हट्ट माझा होता. थोरला भाऊ निपाणीहून छापील चोपड्या आणायचा. त्यांवरच मी वाढलो. एका चोपडीत लिहिलं होतं, पाणी गाळून पिणं हे शास्त्र आहे. दुसरीत होतं, सगळ्या जातींच्या आडांचं पाणी एकच. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सिद्ध कराव्यात, असं माझ्या मनात होतं.

आमचं घर जैन. आईला सगळे अव्वा म्हणत. आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची. मग फडकं उलटं करून वरून गाळलेलं पाणी सोडायची आणि अडकलेले जीव तांब्यात घेऊन, ज्या आडाचं पाणी त्याच आडात परत सोडायची. परक्या पाण्यात ते जगत नाहीत, असं ती म्हणे. लग्न झाल्यापासून हे एकदाही चुकलं नव्हतं. दुसऱ्या कशाचा तिनं अभिमान धरलेला मला आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेसाठी पाणी आणायला घागर घेऊन मी घरच्या आडाकडे न जाता महारवाड्यातल्या आडावर गेलो. वर्गातल्या एका मुलाच्या आईनं पाणी शेंदून दिलं.

"शाळंत न्हेतोस? मार खाशील रं."

"समद्यांनी पिल्यावर सांगणार हाय."

ती हसली नाही.

आई शाळेत आली ती डोक्यावरचा पदर सावरत, आणि भिंतीकडे तोंड करूनच तिनं पाणी गाळलं. मास्तर प्याले, डॉक्टर प्याले. मग डॉक्टरांनी गाळलेल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन यंत्राखाली ठेवला आणि आईला पुढं बोलावलं.

"बघा बाई. गाळलं तरी आहेतच की."

आई वाकून बराच वेळ बघत राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "अव्वाचं गाळणं फाटलंया!" सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. मी घरून पाठ करून आणलेलं भाषण तिथंच विसरलो.

आई उठली. फडक्यातले जीव घेतलेला तांब्या पुढं करून डॉक्टरांना म्हणाली, "ती काच ह्यात धुऊन द्या. जिते हाईत ते." डॉक्टरांनी काच धुऊन दिली. तांब्या घेऊन ती घरच्या आडाकडं निघाली.

मी गप्प बसलो असतो तर कुणालाच कधी कळलं नसतं. पण तिचा नेम मात्र माझ्या हातानं मोडला असता, आणि तिच्या नकळत. ती वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा मी बोललो.

"अव्वा, पाणी घरचं न्हाय. महारवाड्यातलं हाय."

मास्तर चूळ भरायला बाहेर धावले. डॉक्टरांनी रुमालानं ओठ पुसले. आईनं मला एवढंच विचारलं, "वरच्या अंगाचा आड, का खालच्या?"

"खालच्या."

ती त्या वाटेला लागली. त्या वाटेवर मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग गेलो.

सकाळचीच बाई आडावर होती. आईला बघून ती मागं सरली.

"दोरी द्या तुमची," आई म्हणाली. "वरनं ओतलं तर जीव मरत्यात. पाण्यापतोर सोडाय पायजे."

"आमची दोरी, आक्का?"

"मग काय पदर सोडू?"

बाईनं दोरी हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. आईनं ती उचलली, तांब्याच्या गळ्याला बांधली आणि हळूहळू खाली सोडली. पाण्याला टेकल्यावर तांब्या कलला. दोघी वाकून बघत होत्या.

परतताना आई मला म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर आपली दोरी आणली असती."

मास्तरांनी मला सोमवारी मारलं. छड्या मी मोजल्या नाहीत. आईनं शुक्रवारी घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ केली आणि तांब्या राखेनं घासला. हेही लिहायला हवं, कारण ते घडलं. दुसऱ्या दिवशी पाणी गाळताना मात्र तिनं फडक्याला आणखी एक घडी घातली.