गोल आर

लातूरला माझा येसर मसाला आणि काळ्या तिखटाचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, एक चक्की, पाकिटं बंद करायचं मशीन आणि आम्ही तिघी. माल चांगला आहे. हे मीच सांगते, खोटी नम्रता मला जमत नाही.

लेबलं मी नांदेडला छापून घेते. बहीण तिथे असते, एका फेरीत दोन कामं होतात. पहिल्यांदा गेले तेव्हा प्रेसवाल्याने संगणकावर आमचं नाव मांडलं आणि विचारलं, "ताई, नावाच्या वर गोल आर टाकू का? सगळेच टाकून राहिलेत. लेबलला वजन येतं."

"म्हणजे काय असतं ते?"

"गोलातला इंग्रजी आर. म्हणजे रजिस्टर. रजिस्ट्री झालेलं."

"मग टाका की. आमची रजिस्ट्री झालीय."

झाली होती ती दुकानाची नोंद आणि खाद्यपदार्थांचं लायसन्स. पण आमच्या भागात रजिस्ट्री हा शब्द ऐकला की माणूस निश्चिंत होतो. जमिनीची रजिस्ट्री झाली, अंगठे उठले, फोटो निघाले, विषय संपला. नावाचंही तसंच असणार, असं मी धरून चालले. मिरची घेताना मी देठ मोडून वास घेते, आणि इथे कुणाला साधं विचारलंसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात कामावरच्या मावशी जळकोटला लग्नाला गेल्या आणि येताना एक पाकीट घेऊन आल्या.

"वैनी, आपला माल तिकडं कवा धाडला?"

माल आमचा नव्हता. नाव मात्र आमचंच होतं, अक्षर न् अक्षर. गोल आर नव्हता. कोपऱ्यात बारीक इंग्रजी टीएम होतं.

"हे टीएम काय असतंय?"

"टेंपरवारी माल," मी म्हणाले. तिघी पोट धरून हसलो.

पाकिटावर नंबर होता. लगेच लावला. मालकीण बाईनेच उचलला. मी कोण ते सांगितलं आणि सुनावलं, "ते नाव माझं आहे. माझ्या पाकिटावर गोल आर आहे, तो बघा आणि तुमचं छापणं बंद करा."

"हाव ताई, बघितलाय की," ती शांतपणे म्हणाली. "तुमचा येसर मी लई दिवस खाल्लाय. नाव मनात बसलं. पण तो गोल आर बघून भ्याले. म्हणून वकिलाला म्हटलं, आधी बघा. त्यांनी सरकारी यादीत बघितलं, तर तुमचं नावच न्हाई. मग म्हटलं, मोकळं हाय तर आपणच अर्ज टाकावा. टाकलाय. नंबर सांगू का?"

नंबर न घेताच मी फोन ठेवला. चक्की सुरूच होती आणि मावशी ओरडून विचारत होत्या, "काय म्हणली? काय म्हणली?" जो शिक्का मी राखणीला बसवला होता, त्यानेच चोरवाट दाखवली होती. चोर तरी कसं म्हणू तिला? तिने विचारून केलं. मी न विचारता.

दुसऱ्या दिवशी नांदेडला, अशी कामं करणाऱ्या वकिलाकडे गेले. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं.

"टीएम म्हणजे, हे नाव मी माझं म्हणतो, एवढंच. अर्ज केला नसला तरी लावता येतं. गोल आर फक्त नावाची नोंदणी पूर्ण झाल्यावर. त्याआधी लावला तर ती खोटी बतावणी, कायद्यात त्याला दंड आहे."

"पण सगळेच टाकतात!"

"सगळ्यांचं नाव दुसऱ्यानं मागितलं नाही, ताई. तुमचं मागितलंय."

मी म्हटलं, नाव आधी मी वापरलं. त्यावर ते जरा सरसावून बसले. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, म्हणाले. तिचा अर्ज जाहीर झाला की हरकत घेऊ, जमिनीच्या फेरफारावर घेतो तशी. पुराव्यासाठी जुनी लेबलं काढा.

मी फाईल पुढे केली. पहिल्या वर्षापासूनची लेबलं जपून लावली होती. ते एकेक पान उलटत गेले आणि प्रत्येक पानावर तो गोल आर. माझ्या हक्काचा प्रत्येक कागद माझंच खोटं सांगत होता. वकिलांनी फाईल मिटली.

"प्रेसच्या आधीचं काही?"

प्रेसच्या आधी मी साध्या पिशव्यांवर रबरी शिक्का मारून बचत गटाच्या प्रदर्शनात विकत होते. तीन दिवस घर उपसलं. लायसन्सच्या फायलीत स्टॉलची पावती सापडली. तिच्यावर आमचं नाव, तारीख आणि बाजूला शिक्का. आर नाही.

"यावर जिंकूच असं सांगत नाही," वकील म्हणाले. "पण उभं राहता येईल."

आमचाही अर्ज गेला. प्रेसवाल्याला आर काढून टीएम टाकायला सांगितलं. "वजन जाईल ताई," तो म्हणाला. जाऊ दे म्हटलं. उरलेल्या पाकिटांवरची लेबलं आम्ही तिघींनी बसून खरवडली.

नवीन चिकटवताना मावशींनी एक डोळ्याजवळ धरलं. "म्हंजे वैनी, आता आपलाच माल टेंपरवारी का?"

कुणी हसलं नाही.

येसराचं नाव मी इथे कुठेही लिहिलेलं नाही. ते माझं आहे की तिचं, हे अजून ठरायचंय.